वस्त्र पुरवलं कुणी? सभापर्वातल्या दोन ओळींचं प्रकरण

महाभारताच्या चिकित्सित, म्हणजे सगळ्या पोथ्या ताडून ठरवलेल्या आवृत्तीतला सभापर्वाचा खंड उघडून एकसष्टाव्या अध्यायाचा मधला भाग काढा. वर मोठ्या टाइपात श्लोक आहेत, खाली बारीक टाइपात पाठभेद. चाळिसाव्या श्लोकात दुःशासन भर सभेत द्रौपदीचं वस्त्र ओढायला लागतो. एक्केचाळिसावा श्लोक असा:

आकृष्यमाणे वसने द्रौपद्यास्तु विशां पते ।
तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः ॥

वस्त्र ओढलं जात असताना तसंच दुसरं वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होत गेलं. संपलं. पुढच्या श्लोकात सभेत गलबला उठतो आणि मग भीम प्रतिज्ञा करतो. द्रौपदीने हात जोडले नाहीत, 'गोविंदा' म्हणून टाहो फोडला नाही, द्वारकेहून कुणी धावत आलं नाही. आपण लहानपणापासून ऐकलेलं सगळं खाली, बारीक टाइपात, डोक्यावर तारेची खूण घेऊन बसलेलं आहे.

मी हे पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चांगलाच चपापलो होतो. आमच्याकडे चैत्रातल्या कीर्तनात बुवा या प्रसंगाला आले की खांद्यावरचं उपरणं हातात घेऊन ते ओढत राहायचे, झांजा वाढत जायच्या आणि पुढे बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मराठीत देवाला मारलेल्या आर्त हाकेला 'धावा' म्हणतात. हाक आणि हाकेला धावून येणं या एकाच शब्दात आहे. संतांच्या अभंगांत द्रौपदी गजेंद्र, प्रल्हाद, अजामिळ यांच्या पंक्तीला बसते ती या धाव्याच्या जोरावर. तोच धावा पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या विद्वानांनी मूळ पाठातून खाली उतरवला. का उतरवला, कशाच्या आधारावर, आणि उतरवल्यावर नेमकं काय सिद्ध झालं, एवढंच हे प्रकरण आहे. 'भांडारकरवाल्यांनी दाखवून दिलं की कृष्ण आलाच नव्हता' असं वाक्य हल्ली फार सहज फेकलं जातं. दुसऱ्या बाजूने 'देव न मानणाऱ्यांनी देवाला कापून टाकलं' हेही तितक्याच सहज. दोन्ही वाक्यं फेकणाऱ्यांनी हे पान पाहिलेलं नसतं.

कात्री कुणाच्या हातात होती

महाभारताची सगळ्या पोथ्या ताडून पाहिलेली आवृत्ती हवी, ही मागणी मुळात युरोपात झाली. १८९७ साली पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत संस्कृतचे अभ्यासक विंटरनिट्झ यांनी ती मांडली, ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये काही पानांचा नमुनाही छापला. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि ते काम तिथेच राहिलं. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये उभं राहिलं. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये द्यायचं वचन दिलं आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 'नारायणं नमस्कृत्य' लिहून कामाचा आरंभ केला. सुरुवातच नारायणाला नमस्कार करून झाली, हे कात्रीची भाषा बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कामाला खरी शिस्त लागली ती १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाल्यावर. हा मनुष्य केंब्रिजला गणित शिकलेला आणि पुढे बर्लिनला त्याच ल्यूडर्सकडे संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहिलेला. पोथ्या ताडण्याची त्यांची पद्धत पाहिली की गणिताची सवय लगेच कळते. एकेका श्लोकाला एकेक कागद आणि त्यावर चौकटी आखलेल्या. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एका चौकटीत एक अक्षर. त्याखाली प्रत्येक पोथीची एकेक ओळ आणि जिथे अक्षर वेगळं असेल तिथेच ते भरायचं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या. काही ताडणी शांतिनिकेतनात झाली, काही तंजावरच्या सरस्वती महालात. सगळं काम पुरं होईपर्यंत १२५९ पोथ्या डोळ्यांखालून गेल्या होत्या.

निवाड्याचा नियम ऐकायला साधा आहे. पोथ्या म्हणजे साक्षीदार, पण दहा पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील तर त्या दहा मिळून एकच साक्ष होते. म्हणून आधी पोथ्यांची घराणी लावायची. उत्तरेकडची संहिता आणि दक्षिणेकडची संहिता ही दोन मोठी घराणी, आणि त्यांच्या पोटात काश्मिरी, बंगाली, मल्याळी अशा शाखा. एकमेकींशी संबंध नसलेल्या शाखा जिथे एक बोलतात तो पाठ जुना. जे एका शाखेत आहे आणि दुसरीत नाही, किंवा सगळीकडे आहे पण प्रत्येक ठिकाणी निराळ्या शब्दांत आणि निराळ्या जागी, त्यावर संशय घ्यायचा. काढलेलं काहीही फेकायचं नाही. छोटा मजकूर तारा लावून त्याच पानाखाली, मोठा परिशिष्टात. वर ठेवलेल्या पाठाबद्दल खात्री कमी असेल तर त्याच्याखाली नागमोडी रेघ. संपादकाने स्वतःच्या शंकेवर छापील खूण करून ठेवायची, ही मला या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

धाव्याची साक्ष

सभापर्वाचं संपादन येल विद्यापीठातल्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे होतं. खंड १९४४ मध्ये बाहेर आला. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारीत, सुखठणकर गेले होते.

एजर्टन यांच्यापुढे धाव्याची साक्ष आली ती अशी. वर दिलेले दोन श्लोक (ओढायला लागला आणि वस्त्रं प्रकटली) पोथ्यांना मान्य होते. त्या दोहोंच्या आसपास काय घडलं, यावर मात्र पोथ्यांचं जमत नव्हतं. कुठे प्रार्थना छोटी, कुठे लांबलचक. कुठे कृष्ण येतो, तर कुठे 'धर्माने अदृश्य राहून तिला नाना वस्त्रांनी झाकलं' असंही म्हटलेलं. दोन खुलासे शेजारी शेजारी उभे असले की समजावं, आधी खुलासा नव्हता आणि दोघांनी वेगवेगळ्या वेळी तो पुरवला. चोरीच्या खटल्यात साक्षीदारांनी चोर पाहिला, पण एकाने उंच सांगितला आणि दुसऱ्याने बुटका, तर न्यायाधीश काय करेल तेच एजर्टन यांनी केलं.

प्रार्थनेचे शब्दही स्वतःवरच साक्ष देतात. आपल्याकडच्या छापील पोथ्यांत ती 'गोविन्द द्वारकावासिन् कृष्ण गोपीजनप्रिय' अशी सुरू होते. गोपींचा लाडका! महाभारताच्या गाभ्यातला कृष्ण हा यादवांचा पुढारी, पांडवांचा सल्लागार, मुत्सद्दी. गोपींमध्ये रमणारा कृष्ण आपल्याला हरिवंशात आणि पुराणांत भेटतो. सभेत ओढून आणलेल्या क्षत्राणीच्या तोंडी ते संबोधन येतं तेव्हा लिहिणारा कोणत्या काळातल्या भक्तीत वाढला होता, ते कळतं. त्याच पाठात पुढे म्हटलं आहे की हाक ऐकून कृष्ण शय्या आणि आसन सोडून पायी धावला.

आता वनपर्व उघडा. कृष्ण पांडवांना अरण्यात भेटतो आणि युधिष्ठिराला सांगतो की मी द्वारकेत असतो तर हा द्यूत होऊच दिला नसता. मी शाल्व राजाशी लढायला गेलो होतो आणि परत आल्यावर सात्यकीकडून तुमची हकिकत ऐकली. हे मूळ पाठात आहे, तारेखाली नाही. शाल्वाच्या मागे लागलेला माणूस द्वारकेतली शय्या सोडून कसा धावेल? आणि ज्याने स्वतः वस्त्रं पुरवली त्याला ती बातमी सात्यकीने का सांगावी लागेल? त्याच भेटीत द्रौपदीही कृष्णाला तोंडावर सुनावते: मला ना पती, ना पुत्र, ना भाऊ, ना बाप, आणि तूही नाहीस. भर सभेत ज्याने लाज राखली त्याच्याशी कुणी अशा शब्दांत बोलत नाही.

एजर्टन यांनी प्रस्तावनेत आपलं मत लपवलेलं नाही. मूळ पाठात प्रार्थना नाही, वस्त्र कसं आलं याचा खुलासा नाही, कृष्णाचा किंवा दुसऱ्या कुठल्या दैवी शक्तीचा उल्लेख नाही. विश्वातल्या न्यायानेच तिची विटंबना होऊ दिली नाही, असं बहुधा सुचवायचं असावं. नंतरच्यांना इथे भर घालाविशी वाटली यात नवल नाही, पण मला स्वतःला हा थोडक्यातला, वेगवान पाठच जास्त भिडतो, असं ते म्हणतात.

वस्त्र आलं, उत्तर आलं नाही

इथे थांबून वरचा पाठ एकदा सलग वाचायला हवा, कारण धावा काढल्यावर प्रसंगाचा रोखच बदलतो.

एकवस्त्रा, रजस्वला द्रौपदी सभेत येते ती नुसती रडत नाही, प्रश्न विचारत येते. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवलं की मला? आधी स्वतःला हरवलं असेल तर दास झालेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क कुठला? भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात वर करतात. धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण, उठून म्हणतो की ती जिंकली गेलेलीच नाही. कर्ण त्याला पोरकट ठरवतो आणि दुःशासनाला फर्मावतो: पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं उतरव. दासांना अंगावरच्या उंची वस्त्रावर हक्क नाही, असा त्या आज्ञेचा रोख. पांडव आपली उत्तरीयं टाकून बसून राहतात. द्रौपदी ते करत नाही आणि म्हणून ओढाताण होते. म्हणजे वस्त्र ओढणं हे कर्णाच्या बाजूने तिच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे: तू दासी आहेस. आणि वस्त्र न संपणं हे त्या उत्तराचं खंडन.

'प्रादुरासीत्' हे क्रियापद बघा. प्रकट झालं. कुणी दिलं नाही, कुणी पाठवलं नाही. वाक्यात देणारा कर्ताच नाही. व्यासांना (किंवा त्या नावामागे जे कुणी असतील त्यांना) देणारा सांगायचा असता तर संस्कृतात कर्त्यांची वाण नव्हती.

दुःशासन दमून, लाजून खाली बसतो. सभेत वस्त्रांचा ढीग पडलेला आहे. आता कुणीतरी देवाचा जयजयकार करेल असं वाटतं. मूळ पाठात लोक धिक्कार करतात आणि ओरडतात ते वेगळंच: कौरव या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत! डोळ्यांदेखत एवढं अघटित घडूनही लोकांचं बोट प्रश्नावर आहे. लगेच विदुर उठून बजावतो की प्रश्न विचारला गेलाय, सभेने उत्तर दिलंच पाहिजे. चमत्कार होऊन गेला तरी खटला चालूच आहे.

धावा आत आला की खटला बंद होतो. द्रौपदी न्याय मागणारी राहत नाही, शरण गेलेली होते. सभेची लाज निघायच्या ऐवजी देवाची कीर्ती वाढते. ऐकणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि मला वाटतं भर पडली ती याचसाठी. कर्त्यावाचून घडलेली सुटका माणसाच्या मनाला पचत नाही. शेकडो वर्षं रात्री-रात्री हा प्रसंग सांगणाऱ्या सूतांना आणि पुराणिकांना समोरचा श्रोता विचारत असणार, 'पण दिलं कुणी?' लेखनिकांनी दिलेली उत्तरं म्हणजे ते तारेखालचे श्लोक. त्या अर्थाने पानाचा खालचा भाग हा रद्दी कागद नाही. वर महाभारत आहे, खाली ते ऐकणाऱ्यांचं मन. एकोणीस खंडांत हा दुसरा इतिहास इतक्या काटेकोरपणे जपलेला असताना आपण 'प्रक्षिप्त' (मागाहून घुसवलेलं) हा शब्द शिवीसारखा का वापरतो, मला कळत नाही.

उलटतपासणी

या पद्धतीला विरोध पहिल्यापासून होता. आदिपर्वाचे पहिले भाग निघताच फ्रान्सचे सिल्वँ लेव्ही यांनी सुचवलं होतं की मूळ पाठाच्या मागे लागू नका, नीळकंठाचा प्रचलित पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. नीळकंठ चतुर्धर म्हणजे गोदाकाठच्या कोपरगावचे चौधरी, सतराव्या शतकात काशीत स्थायिक झालेले. त्यांनीही 'वेगवेगळ्या देशांतल्या पुष्कळ पोथ्या जमवून' उत्तम पाठ ठरवल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. फरक एवढाच की त्यांचा कल काही हरवू नये याकडे होता, सुखठणकरांचा काही घुसू नये याकडे. एकाच भाषेच्या दोन माणसांनी सुमारे अडीचशे वर्षांच्या अंतराने एकच काम उलट्या टोकांनी केलं.

धाव्याच्या बाबतीतली खरी अडचण मात्र चिकित्सित आवृत्तीच्या आतूनच येते. उद्योगपर्व, अठ्ठावन्नावा अध्याय. वर, मोठ्या टाइपात:

ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति ।
यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम् ॥

कृष्ण म्हणतो: मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, 'गोविंदा' म्हणून हाक मारली, ते वाढत गेलेलं ऋण माझ्या मनातून जात नाही. म्हणजे हाक मारली होती! त्याच पर्वात पुढे द्रौपदी त्याला आठवण देते: पांडव नुसते बघत बसले होते तेव्हा 'गोविंदा, मला वाचव' म्हणून मी मनाने तुझी आस धरली होती. हेही वरच्या पाठात आहे. सभापर्वातही एक खूण सुटलेली नाही. केस धरून फरफटत नेताना दुःशासन तिला हिणवतो की कृष्णाला, जिष्णूला, हरीला, नराला वाटेल तेवढं ओरडून बोलाव, मी तुला नेणारच. आल्फ हिल्टेबायटेल या अमेरिकन अभ्यासकाने अशाच जागा दाखवून म्हटलं की एजर्टन यांचा निवाडा वाटतो तितका निर्विवाद नाही.

माझं मत विचाराल तर पोथ्यांपुरता एजर्टन यांचा निवाडा बरोबर आहे. उद्योगपर्वातल्या श्लोकाच्या भरवशावर सभापर्वात प्रार्थना परत नेता येत नाही, कारण कोणती प्रार्थना न्यायची यावर पोथ्यांचं एकमत नाही. पण त्यावरून 'कृष्णाचा या प्रसंगाशी संबंधच नाही' असं म्हणणाऱ्यांनी उद्योगपर्व वाचलेलं नाही. हाक होती. ती मनात होती की ओठांवर, यावर दोन श्लोक दोन गोष्टी सांगतात, आणि सभापर्व गप्प आहे. नंतरच्या पोथीकारांनी धावा हवेतून आणला नाही, उद्योगपर्वातलं बी उचलून सभापर्वात पेरलं.

आणि ते पेरताना त्यांनी एक शब्द सोडून दिला. ऋण. 'प्रवृद्धं', व्याज चढत गेलेलं. फेडलेलं ऋण मनात सलत नाही. दूर असलेल्या माणसाला हाक आली आणि तो पोचला नाही, म्हणून ते वाढत गेलं. श्लोक सरळ वाचला तर त्यात वस्त्र पुरवल्याचा अभिमान नाही, न पोचल्याची टोचणी आहे. ज्या श्लोकाच्या आधाराने धाव्याचं समर्थन केलं जातं, तोच श्लोक माझ्या वाचनात कृष्ण न आल्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

आपल्या लोककथेने हा हिशेब कसा उलटा मांडला ते पाहण्यासारखं आहे. चिंधीची गोष्ट मराठी घरांत कुणाला सांगावी लागत नाही. कृष्णाचं बोट कापलं, सख्ख्या सुभद्रेला चिंधी सापडेना, मानलेल्या बहिणीने अंगावरचा भरजरी शेला फाडला आणि त्या चिंधीच्या दर धाग्यामागे एक वस्त्र सभेत परत आलं. चिकित्सित आवृत्तीच्या पाठात या गोष्टीचा मागमूस नाही. पण गोष्ट रचणाऱ्या माणसाने 'ऋण' हा शब्द बरोबर पकडला होता. त्याने फक्त खातं फिरवलं. महाभारतात सभेमुळे कृष्ण ऋणी होतो, चिंधीच्या गोष्टीत तो आधीच ऋणी आहे आणि सभेत ऋण फेडतो. बहिणीची हाक रिकामी गेली, हे ओवी म्हणणाऱ्या बाईला चालणार नव्हतं.

चिकित्सित आवृत्ती पुरी झाल्याचं २२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्यात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते जाहीर झालं. सुखठणकरांनी मरणापूर्वी महाभारताच्या अर्थावर मुंबईत व्याख्यानं द्यायला घेतली होती. शेवटचं व्हायच्या आत ते गेले. अक्षर-अक्षर चौकटीत बसवणाऱ्या माणसाला अखेरीस अर्थाबद्दल बोलायचं होतं, ही बाब मी धाव्याच्या प्रकरणात नेहमी आठवतो.

राहता राहिला उद्योगपर्वातल्या त्या श्लोकाचा एक तपशील. कृष्ण हे वाक्य द्रौपदीची समजूत काढताना बोलत नाही, जरी ती तिथेच बसलेली असते. अंतःपुरात अर्जुन, सत्यभामा आणि द्रौपदी यांच्यादेखत तो ते संजयाला सांगतो, निरोप म्हणून. संजय हस्तिनापुरात परत येऊन तो निरोप शब्दशः पोचवतो. ऐकणारा धृतराष्ट्र असतो, त्या दिवशी सभेत बसलेला.